लालला एक गाठ, हिरव्याला दोन

माझा नवरा भिंती रंगवायचा. चुना मारणारा नव्हे, चितारी. घराणं मूळचं नागपूरकडचं, दोन पिढ्या जबलपुरात काढलेलं. घरात लग्न निघालं की लोक बोलावणं धाडायचे आणि तो लाकडी पेटी उचलून निघायचा. कधी मझौलीच्या शेतकऱ्यांकडे, कधी गोहलपूरच्या विणकरांकडे, कधी बरगीकडच्या नावाडी केवटांकडे. प्रत्येकाची बोली वेगळी, देव वेगळा, आणि भिंतीवर काय चालतं नि काय चालत नाही तेही वेगळं. विलायत पाहून आलेली माणसं पुस्तकं लिहितात. आम्ही बैलगाडी जाईल तिथवरच गेलो. पण नागपूरच्या एका बोळातून उचलून जबलपूरच्या दुसऱ्या बोळात आणून ठेवलेल्या मुलीला तो परदेशच होता.

माझ्याआधी त्याच्याबरोबर सासू जायची. पोरगा मिसरूड फुटलेला, तरी ही गावोगाव त्याच्या मागे. मला वाटायचं, हिचा जीव मुलात अडकलेला आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचे गुडघे धरले आणि तिने मला बोलावलं.

"आता तू जा याच्यासंगं. रंगाजवळ बसून राहायचं. करवंटी तू त्याच्या हातात द्यायची. त्याने आपल्या मनाने उचलायची नाही."

"काहून?"

"सांगितलं तेवढं कर. काहून-बिहून नाही."

रंग नारळाच्या करवंट्यांत कालवलेले असायचे, म्हणून करवंटी. मी विचार केला, घरात चूल, पाणी आणि हिचे गुडघे. त्यापेक्षा करवंट्या बऱ्या. मी लगेच हो म्हटलं.

पहिलं काम मझौलीला. शेतकऱ्याचं घर, मातीची भिंत, तिला छुही दिलेली. छुही म्हणजे तिकडची पांढरी माती. दाराच्या दोन बाजूंना हत्ती, वर पोपट आणि केळीचे घड. रंग सगळे आमच्या हातचे. लाल गेरूचा, पिवळा रामरज मातीचा, काळा काजळीचा, हिरवा वालाच्या पानांचा. मी करवंटी द्यायची, म्हणायची, "घ्या." तो घ्यायचा, नाकाजवळ न्यायचा, एक बोट बुडवून अंगठ्यावर घासायचा, मग कुंचला. दर वेळी. मला वाटलं, वडिलांनी लावलेली सवय असेल. स्वयंपाकी नाही का फोडणी हुंगत.

घरधनी खाटेवर बसून बघत होता. तो म्हणाला, "भैया, रंग लगा रहे हो कि चटनी चख रहे हो?"

माझा नवरा हसला. म्हणाला, "कच्चा रंग लगा दूँ तो आप ही कहोगे, हाथी उड़ गया."

त्याचा हात फार चांगला होता. हे मी बायको म्हणून सांगत नाही. नवऱ्याचं कौतुक करण्याचा माझा स्वभाव नाही. भाजी आणायला पाठवलं तर किडकी वांगी घेऊन यायचा. पण हत्तीची सोंड तो एका दमात ओढायचा, खांद्यापासून, आणि ती सोंड हलायची.

त्याच हंगामात शहरात एका मराठी कारकुनाच्या घरी मुलीचं लग्न निघालं. देवघराच्या भिंतीवर वरात काढायची होती. त्या घरच्यांनी बाजारातून पुडीचे रंग आणून ठेवले होते. तेव्हा ते नवेच निघाले होते आणि सगळ्यांना तेच हवे असायचे. मातीच्या रंगापेक्षा दहापट भडक. मी ते कालवले. कुठल्याच पुडीला माती-पाल्याचा वास नव्हता, सगळ्यांना औषधाच्या बाटलीचा. त्याने एक करवंटी हुंगली, दुसरी हुंगली, आणि खाली ठेवली. मी लक्ष दिलं नाही.

दुपारी आतून हाक आली. लाडू वळायला हात कमी पडत होते. आपल्या भाषेतल्या बायका, गूळ-तुपाचा वास. मी उठून गेले. सासूने काय बजावलं होतं ते मला आठवलं नाही असं नाही. मी म्हटलं, घटकाभराने काय होतं.

घटकाभराने यजमानीण भिंत बघायला गेली आणि तिचा आवाज आतपर्यंत आला.

"अगं बाई! हे काय करून ठेवलं?"

मी तुपकट हातांनी धावले. वरात सुरेख उतरली होती. मधोमध नवरी. कपाळाला ठसठशीत हिरवं कुंकू आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत लाल चुडा.

आपल्यात हिरवा चुडा आणि लाल कुंकू, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. हिंदीवाल्यांकडे नवरीला लाल बांगड्या चालतात, त्यांच्या घरी ही अर्धी चूक खपून गेली असती. मराठी घरात, लग्नाला पाच दिवस उरले असताना, नवरीच्या कपाळाला हिरवा टिळा म्हणजे अपशकुनच. यजमानीण थांबेना. "आम्ही पोरगी कोणाकडे देऊन राहिलो? आणि कपाळाला शेवाळ काहून लावलं? चितारी आहेस का कोण आहेस रे तू?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. चूक केलेला माणूस खाली बघतो. हा भिंतीकडे बघत होता. कपाळाकडून हातांकडे, हातांकडून घोड्याकडे, घोड्याकडून परत. तो शोधत होता. बाई ओरडून राहिली आहे ते नेमकं कशासाठी, हे त्याला त्या भिंतीवर सापडत नव्हतं.

आणि मला सासूचं "काहून-बिहून नाही" समजलं.

मी म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. लाडू वळायला यायच्या आधी ऊन त्यांच्या डोळ्यावर आलं म्हणून कुंचले मी धरले. चुडा नि कुंकू मी भरलं."

बाई माझ्याकडे वळली. "तू? चौथी शिकलीस म्हणतात ना तू? चार वर्षांत लाल-हिरवं नाही शिकवलं मास्तरनं?"

"त्या दिवशी गैरहजर होती मी."

मागच्या बायका हसल्या आणि प्रसंग निभला. मी छुहीने कपाळ आणि हात पुसून काढले, ते वाळल्यावर लाल करवंटी त्याच्या हातात दिली आणि मोठ्याने म्हटलं, "घ्या, लाल." मग हिरवी. "घ्या, हिरवा." त्याने भरलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आल्यावर मी सरळ सासूला विचारलं. ती निवडत असलेल्या तांदळांतून मान वर न करता म्हणाली, "लहानपणापासून. लाल-हिरवा त्याला एकच. माती-पाल्याचे रंग वासावरून ओळखते. त्याच्या बापाने शिकवलं तसं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापाने पोरगी दिली असती? आणि लोकांना कळलं तर काम कोण देईल? आंधळ्या सुताराला कोणी पाट सांगते का?"

मला राग आला. कणव वगैरे नंतरच्या गोष्टी. आधी राग आला, की मला फसवून आणलं. दोन दिवस मी त्याला जेवायला वाढलं आणि तोंड फिरवून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. करवंट्या एकेक काढून फरशीवर मांडल्या आणि म्हणाला, "लाव."

"काय लाव?"

"तुला जशा लावायच्या तशा. मी तोच क्रम धरीन." मग म्हणाला, "तू त्या बाईसमोर बोललीस ते मी विसरणार नाही. पण तुला नागपूरला जायचं असेल तर मी सोडून येतो."

मी लाल उजवीकडे ठेवली, हिरवी डावीकडे, मध्ये पिवळी. म्हटलं, "इतकं बैलगाडीत बसून कंबर मोडली माझी. आता नागपूर नको."

यापेक्षा जास्त बोलणं त्यावर आमचं झालं नाही.

पण भिंतीशी सरकता सरकता करवंट्यांचा क्रम मोडायचाच, म्हणून मग मी प्रत्येक कामाला गेले. मी करवंटी द्यायची, "घ्या" म्हणायची आणि हळूच रंगाचं नाव. बघणारे टोमणे मारायचे. मझौलीच्या पारावर एकजण म्हणालाच, "क्यों भैया, दुलहिन पल्ला पकड़े तभी हाथ चलता है?" तो हसून घ्यायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. त्याचे कान लाल झालेले त्यालाच कळले नसते, पण मला दिसायचे.

आणि मला आवडू लागलं होतं. हे मी लपवणार नाही. माझ्या वयाच्या सुना उंबऱ्यातून बाजारापर्यंत जात नव्हत्या, तेव्हा मी केवटांच्या होडीत बसून नर्मदा ओलांडली, मोहाची ओली फुलं खाल्ली, दुसऱ्यांच्या लग्नातली गाणी पाठ केली. हे सगळं त्याच्या डोळ्यांतल्या खोटेमुळे मला मिळत होतं.

गोहलपूरचं घर विणकरांचं. मुसलमान माणसं. त्यांच्या भिंतीवर जिवंत प्राणी चालत नाही. वेली, फुलं, कुंड्या. नवऱ्या मुलीची खोली रंगवायची होती आणि ती बायकांच्या भागात. म्हणून सगळ्या बायका बाहेर ओसरीवर बसल्या, मध्ये पडदा सोडला आणि त्याला एकट्याला आत घातलं. मी बाईमाणूस, मला त्यांनी आपल्यात ओढलं. मी पडद्याला चिकटून बसले आणि खालून करवंट्या आत सरकवू लागले. "घ्या, लाल. घ्या, पिवळा."

घरातली म्हातारी चरख्यावर बसून ते पाहत होती. मधेच उठली, पडदा बोटभर बाजूला करून आत डोकावली आणि म्हणाली, "चितेरे, ये पत्ती चोंच क्यों मार रही है?"

सवयीने त्याच्या हातून वेलीवर पोपटाची चोच निघाली होती. तो म्हणाला, "अम्माँ, अभी आम हुआ जाता है." आणि पोपटाची खरंच कैरी झाली. ओसरीवर हशा उसळला.

पण म्हातारी नुसती हसणारी नव्हती. संध्याकाळी काम आटोपताना तिने मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाली, "तेरा आदमी कटोरी देखता नहीं, सुनता है."

मी रिकाम्या करवंट्या एकात एक घालू लागले.

"डर मत बेटी. मेरा देवर भी ऐसा ही था. सूत रँगता था. लाल-हरा उसको एक. तो हम लच्छी में गाँठ बाँध देते थे. लाल की एक, हरे की दो, पीले की तीन. उम्र भर रँगा उसने, किसी को पता नहीं चला." तिने चरख्यावरून सूत तोडलं, भराभर गाठी मारल्या आणि तो जुडगा माझ्या मुठीत कोंबला. "कटोरी में छेद करके बाँध दे. फिर तुझे धक्के नहीं खाने पड़ेंगे."

तिने चांगल्या मनाने दिलं. एवढी साधी गोष्ट. आमच्या तीन माणसांच्या डोक्यात कधी आली नव्हती.

मी ते धागे घरी आणून तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवले, आणि त्याला सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं. गाठी असत्या तर तो कोणाच्याही दारात एकटा, मान वर करून गेला असता. पण गाठी असत्या तर मी चुलीपाशी राहिले असते. तीन लगीनसराया मी त्याला माझ्या हाताकडे बघायला लावलं. पारावर कोणी टोमणा मारला आणि त्याचे कान लाल झाले की मला मडक्याची आठवण यायची. मी पुढची करवंटी द्यायची.

गोहलपूरच्या कामानंतर चौथ्या वर्षी मला दिवस गेले. सातवा लागला आणि सासूने बैलगाडी बंद केली. तेव्हाच बरगीकडून केवटाचं बोलावणं आलं. त्याच्या घरी मुलीचं लग्न होतं, होकार आम्ही सोयरीक जुळली तेव्हाच दिलेला होता, आणि रंग पुडीचे हवेत असा निरोप होता.

सासू म्हणाली, "मी जाते. गाडीत घाला मला."

तिला मोरीपर्यंत दोघांनी धरून न्यावं लागत होतं. तो म्हणाला, "नाही येत म्हणून सांगतो." एकदा नाही म्हटलं की पुढच्या वेळी दुसऱ्या चिताऱ्याला बोलावतात, हे आम्हा तिघांना माहीत होतं. तो अंगणात जाऊन पेटीवर बसला. कोरडे कुंचले एकेक करून पुसू लागला.

मी मडकं उपडं केलं. तांदूळ झटकून धागे घेतले आणि त्याच्यासमोर धरले. काय ते सांगितलं. लालला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन.

त्याने गाठी बोटांनी चाचपल्या. "कुठून आणलं हे?"

"गोहलपूरच्या अम्माँनी दिलं."

"गोहलपूरला तर आपण..." तो थांबला. हिशेब त्याने मनात केला. "तीन वर्षं?"

"हो."

"काहून?"

मला सासूसारखं काहून-बिहून नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मग तुम्ही मला नेलं नसतं."

तो उठला. सळई तापवून करवंट्यांना भोकं पाडली, धागे ओवले. माझ्याकडे न बघता सगळं बांधलं आणि सकाळी निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला. मला "येतो" म्हणाला नाही.

बारा दिवस. मी त्या दिवसांत फार रडले वगैरे नाही. घर सारवलं, कुरडया घातल्या. पण एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली होती, की आता तो मला नेणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

बाराव्या दिवशी तो आला तेव्हा केवट स्वतः गाडीतून पोचवायला आला होता. हातात कोपराएवढा मासा. नवरा मागच्या दारी पाय धुवायला गेला आणि केवट ओसरीवर टेकला.

"भौजी, का भीत बनी है! नाव, मछरिया, मगर पे बैठी नरबदा मैया. रंग ऐसे कि सारा गाँव देखने आया."

मी विचारलं, "लाल जिथे हवा तिथे लाल आहे ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "और कहाँ होगा?"

म्हणजे गाठी बरोबर चालल्या. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

मग केवट पुढे झुकून हसत म्हणाला, "पर भौजी, एक बात. भैया अकेले में बड़बड़ाते हैं. हर बार कटोरी उठाएँ और खुद से कहें, 'घ्या, लाल. घ्या, हिरवा.' हमाए मोड़ी-मोड़ा, सारे बच्चे, सीख गए. अब घर में कोई रोटी भी माँगे तो कहते हैं, 'घ्या!'"

मी मासा घेऊन आत गेले. तो साफ करायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

त्याला मी त्याबद्दल विचारलं नाही. त्यानेही मडक्याचा विषय पुन्हा काढला नाही. मुलगी झाली. त्याने पाळण्यावर पोपट काढले, माझ्याकडून करवंट्या न घेता, गाठी चाचपून. पोपट हिरवे, चोची लाल. अगदी बरोबर. मी पाळणा हलवत बघत बसले.

मुलगी पाच महिन्यांची असताना मझौलीचं बोलावणं आलं. निघायच्या सकाळी मी त्याच्यासाठी भाकरी-पिठलं बांधलं. एकाच माणसाचं. तो पेटी भरत होता. मी सहज पाहिलं, तर करवंट्यांना धागे नव्हते. नुसती भोकं.

"गाठी कुठे?"

"सोडल्या. सूत रंगात भिजते. ओघळ येतात."

आतून सासू ओरडली, "मग आता कसा करशील रे?"

"ही आहे ना."

"बाळंतीण आहे ती! पाच महिन्यांचं लेकरू घेऊन रानोमाळ फिरवशील तिला?"

"लेकराला पोपट आवडतात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाकरी कमी दिसून राहिली. दोघांची बांध."

भिजलं म्हणून सूत आपली गाठ विसरत नाही. गोहलपूरच्या म्हातारीचा दीर उभा जन्म ओल्या रंगात त्याच गाठी चाचपत जगला होता. हे मला माहीत होतं, आणि बारा दिवस बरगीला राहून आलेल्या त्यालाही माहीत होतं. मी वाद घातला नाही. आणखी चार भाकऱ्या थापल्या, पोरीला पाठीशी बांधलं आणि करवंट्यांचं गाठोडं उचललं.